वहिनी, आपण बोटीसाठी थांबलो

वहिनी,

तेराव्याला आलेली माणसं जाताना मला एकच वाक्य ऐकवत होती. "चला, निदान इटलीला तरी जाऊन आली. इच्छा पूर्ण झाली." बायका खांद्यावर हात ठेवून हे बोलत होत्या आणि मी मान हलवत होते. तुझी मुक्ता पलीकडे सतरंज्या गुंडाळत होती. दर वेळी हे वाक्य आलं की तिचे हात थांबायचे. माझ्याकडे बघायची नाही, पण हात थांबायचे.

तुझं-माझं भांडण अर्धवट राहिलंय. तू असतीस तर एव्हाना मिटून पुन्हा सुरू झालं असतं. दिंडोशीच्या आपल्या घरात भांडणं कधी शिळी झाली नाहीत. दादा गेल्यावर मी वेगळी खोली बघू का, असं भीत भीत विचारलं, तेव्हा तू कांदा चिरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "बघ ना. आणि सकाळचा चहा कोण करणार?" झालं. नणंद-भावजय अशा आपण एका घरात राहिलो. मी दिवसभर कोर्टात लोकांच्या साक्षी लघुलेखनात उतरवून घ्यायची आणि घरी येऊन तुझ्याशी वाद घालायची. तू म्हणायचीस, "दुसऱ्यांची भांडणं लिहून हिचं पोट भरत नाही. हिला स्वतःचं एक लागतं."

इटलीचं खूळ तुझंच. शाळेनं निरोपाला शाल-नारळ दिला, तो देव्हाऱ्यापाशी ठेवून तू म्हणालीस, "शैले, जन्मभर फळ्यावर इटलीचा तो बूट काढला. भूमध्य सागरी हवामान, कोरडा उन्हाळा, ऑलिव्ह, द्राक्षं, लिंबू. पोरं विचारायची, बाई, तुम्ही बघितलंय? आता बघायचंय." मला वाटलं, चार दिवस बोलेल आणि विसरेल. पण तू पार्ल्याच्या एका ट्रॅव्हलवाल्याकडे मला घेऊन गेलीस. त्यानं रंगीत कागद पुढे केले. सकाळी रोम, दुपारी पिसा, रात्री भारतीय जेवण, सोबत मराठी बोलणारा माणूस. तू त्याला शांतपणे विचारलंस, "आणि आम्ही बसायचं कधी?" त्याला प्रश्नच कळला नाही. बाहेर येऊन मला म्हणालीस, "मला सगळा बूट नको. बुटात पाय घालतो ना, तिथं वर काठाला एक छोटं गाव असू दे. एकाच गावात राहायचं. खायचं, चालायचं, बोटीत बसायचं, झोपायचं."

गाव तूच शोधलंस. कामोली. जेनोवाच्या पुढचं, कोळ्यांचं गाव. त्याच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत सान फ्रुत्तुओसो नावाचा जुना मठ, थेट समुद्राच्या काठावर. तिथं गाडीरस्ता नाही. एक तर डोंगर ओलांडून चालत जायचं, नाहीतर बोटीनं. हे वाचल्यावर तुझे डोळे कसे चमकले होते! "जाताना चालत, येताना बोटीनं," तू जाहीर केलंस. मी म्हटलं, "माझे गुडघे आणि माझी मळमळ, दोघांचा विचार कर. मला बोट लागते." तू म्हणालीस, "म्हणून तर सराव करायचा."

तो सराव! वहिनी, ते महिने आठवले की आजही हसू येतं. रविवारी सकाळी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत चालायचो. तू पुढे, मी मागे, आणि माकडं आपल्या पिशवीकडे डोळे लावून. बोटीच्या सरावासाठी वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या फेरीबोटीत बसायचो. ती खाडी ती केवढी! बसेपर्यंत उतरायची वेळ. तरी मी दांडा घट्ट धरून डोळे मिटायची आणि तू बाजूच्या कोळणीला सांगायचीस, "ही परदेशी चाललीये बघा, समुद्रसफरीला." ती म्हातारी माझ्याकडे बघून इतकी हसली होती की तिनं माझ्याकडून टोपलीतल्या कोळंबीचे पैसे नीट मोजून घेतलेच नाहीत.

आणि जेवणं. तिथं काय खायचं यावर तू जेवढा अभ्यास केलास तेवढा बी.एड.ला केला नसशील. त्या भागातला हिरवा पेस्टो, त्याबरोबर खातात ती पिळदार छोटी शेवई. तिचा व्हिडिओ बघून तू ओरडलीस, "अगं, या तर मालत्या! माझी आजी रुखवतासाठी वळायची तशा." मग रव्याच्या मालत्या वळल्यास, बाजारात ती इटालियन तुळस मिळाली नाही म्हणून कोथिंबीर, पुदिना आणि काजू वाटलेस आणि ती हिरवी चटणी वर ओतून माझ्यापुढे ठेवलीस. मी म्हटलं, "सँडविचची चटणी शेवयांवर घालून दिलीयेस." दोन दिवस बोलली नाहीस. मग रेक्को गावची चीज भरलेली पातळ पोळी कुठल्या दुपारी खायची, लिंबू पिळलेली तळलेली मासळी कुठल्या धक्क्यावर, हे सगळं तू ठरवत गेलीस. त्यांच्या त्या छोट्या मासळीला तू पहिल्यापासून मांदेलीच म्हणायचीस. वाइनवरून वाद झाला. मी नको म्हटलं, तू एक ग्लास म्हटलंस, दोघींत एक ग्लास यावर तोडगा निघाला.

मढची शेवटची फेरी मला अलीकडे सारखी दिसते. उतरल्यावर तू धक्क्याच्या पायरीवर बसलीस. कमरेवर हात ठेवून. "पाठ धरलीये," म्हणालीस. मी म्हटलं, "घरी गेल्यावर बाम लावते." तू समोर वाळत घातलेल्या बोंबलांकडे बघत होतीस. तेव्हा तुझी तपासणी होऊन गेली होती, वहिनी. तेव्हा तुला माहीत होतं. मला हे नंतर हिशेब जुळवताना कळलं. त्या पायरीवर तू काय विचार करत होतीस? बोंबलांकडे बघून? मी तुझ्या शेजारी बसून घाम पुसत होते आणि तू एवढं मोठं काहीतरी गिळून बसली होतीस, हे माझ्या मनातून जात नाही.

कामोलीत पोचलो त्या दुपारी तू लहान पोरीसारखी रस्त्यात उभी राहिलीस. उंच उंच घरं, पिवळी, गुलाबी, विटकरी. त्यांच्या भिंतींवर खिडक्या रंगवलेल्या. खऱ्या खिडक्यांच्या शेजारी खोट्या खिडक्या, खोटे पडदे, एका ठिकाणी तर खोट्या खिडकीच्या चौकटीत खोटं मांजर. "बघ," तू म्हणालीस, "आपल्या बिल्डिंगीला पण हेच करायला सांगू. नाहीतरी समोरच्या टॉवरनं उजेड बंद केलाय." मी खूप दिवसांनी इतकी हसले.

त्या रात्री धक्क्याजवळच्या खाणावळीत तुझ्या त्या खऱ्या मालत्या आल्या. खऱ्या पेस्टोत. तू काट्यानं दोन उचलल्यास, डोळे मिटून खाल्ल्यास आणि बशी माझ्याकडे सरकवलीस. "तू खा. आणि मला नीट सांग, कशी लागते." मला वाटलं, विमानाचा शीण. दुसऱ्या दिवशी चीजची पोळी आली, तीही तशीच. एक घास आणि बशी माझ्याकडे. "वास बघ काय सुटलाय. सांग ना, आत काय काय आहे?" मी सांगत राहिले. खारट आहे, कडेला कुरकुरीत आहे, मध्ये आपल्या खरवसासारखं मऊ आहे. तू इतकं मन लावून ऐकायचीस की ऐकूनच तुझं पोट भरतंय असं वाटायचं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "तू काही खातच नाहीस." तू म्हणालीस, "वजन कमी झालंय ते टिकवायचंय." आणि मी तुझी थट्टा केली.

मग आला डोंगराचा दिवस. तुझ्या बेतानुसार गावातून पायऱ्यांनी वर चढायचं होतं. सकाळी तू म्हणालीस, "आज बसनं जाऊ वरपर्यंत. तुझ्या गुडघ्यांची दया आली." मला आनंद झाला. वरच्या सान रोक्कोच्या चर्चपाशी उतरलो. खाली निळं पाणी, पांढरं ऊन. पुढे रानातली वाट. चेस्टनटची झाडं, पायाखाली जुना पाचोळा. थोडंसं चढलो असू. तू एका दगडी बांधाला टेकलीस.

"शैले, मला पुढे नाही जाता येणार."

"बस थोडं. पाणी पी. घाई काय आहे?"

"बसून होणारं नाही ते." तू टोपी काढलीस. "माझ्या स्वादुपिंडात गाठ आहे. यकृतातपण गेलीये."

मी विचारलं, "कोण म्हणालं?" जणू कोणी शेजारणीनं चहाडी केली असावी.

"डॉक्टर म्हणाले. निघायच्या आधी. ऑपरेशन होत नाही म्हणाले. औषधं देतील. मी त्यांना सांगितलं, आल्यावर सुरू करू."

"आणि त्यांनी हो म्हटलं?"

"त्यांनी नको म्हटलं."

तेवढ्यात खालून दोन परदेशी म्हातारे काठ्या टेकत वर आले. आपल्याकडे बघून हसले. आणि तू, वहिनी, तू त्यांच्याकडे बघून हसलीस आणि स्वच्छ आवाजात म्हणालीस, "बोंजोर्नो!" ते गेल्यावर मी रडायला लागले. तू माझ्यावरच खेकसलीस, "गप रव गो. लोक काय म्हणतील?" त्या रानात कोण होतं काही म्हणायला?

"मला सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू तिकिटं रद्द केली असतीस."

"केलीच असती!"

"तेच तर."

आपण परत खाली आलो. बसमध्ये तू मला शब्द द्यायला लावलास, मुक्ताला सांगायचं नाही. "मी सांगेन. मी, तू नाही. आणि समोर बसून, फोनवर नाही." संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तू केस विंचरलेस, थोडी पावडर लावलीस, फोन खिडकीत धरून तिला समुद्र दाखवलास. पुण्याहून ती विचारत होती, "आत्या इतकी गप्प का?" तू म्हणालीस, "आत्याला बोट लागली." ती म्हणाली, "बोटीत बसलाच नाहीत ना अजून?" तू म्हणालीस, "नुसती बघूनच लागली." तुम्ही दोघी खदखदून हसलात. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

दुसऱ्या सकाळी मी विमान कंपनीला फोन लावला. त्याच संध्याकाळच्या विमानात जागा होती. मी तुझी बॅग भरायला घेतली. तू खिडकीत बसून बघत होतीस. खाली पाणी रात्रीतून पालटलं होतं, लाटा धक्क्यावर चढत होत्या. तू उठून माझ्या हातातला कपडा काढून घेतलास. मला वाटलं, आता भांडेल. मी भांडायला तयार होते. तू भांडली नाहीस.

"शैले, तिथं गेलं की मी तुमची. तू आणि मुक्ता म्हणाल ती सुई, म्हणाल ती गोळी. एका शब्दानं उलटून बोलणार नाही. आत्ता आहे ते माझं आहे. मला त्या मठापर्यंत जायचंय. चालत नाही जमलं, बोटीनं. तेवढं करू आणि मिळेल त्या विमानानं जाऊ."

आपण धक्क्यावर गेलो. तिकिटाची खिडकी बंद होती. बाहेर एक माणूस दोर गुंडाळत होता. त्यानं समुद्राकडे हात केला, मग आकाशाकडे, मग खांदे उडवले. "दोमानी," म्हणाला. उद्या. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "ठीक आहे. उद्या." संध्याकाळचं विमान आपल्याविना गेलं.

दुसऱ्या दिवशीही बोट बंद. त्या दोन दिवसांत मी जितका देवाचा धावा केला तितका पुढे हॉस्पिटलातही केला नाही. तू बाकावर बसायचीस, मी धक्क्यावर येरझाऱ्या घालायची. दर लाटेचा मला राग यायचा. कधी वाटायचं, तुला उचलून विमानात घालावं. कधी वाटायचं, ही लाट शांत झाली नाही तर मी स्वतः तुला वल्हवत नेईन. तू मात्र बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईकडून खुणांनी मासे खारवायची पद्धत समजून घेत होतीस. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि तरी वाद चालला होता, मीठ आधी की नंतर.

तिसऱ्या दिवशी पाणी शांत झालं. बोट सुटली.

त्या प्रवासाचं मला फार आठवत नाही, कारण मी तुझ्याकडेच बघत होते. तू कठड्याजवळ उभी होतीस, ओढणी डोक्याला बांधून. कडे, कपारी, त्यात उगवलेली पाइनची झाडं. मग बोट वळली आणि डोंगराच्या खोबणीत तो मठ दिसला. करड्या दगडाच्या कमानी थेट गोट्यांच्या किनाऱ्यावर उभ्या. कमानींखाली ओढून ठेवलेल्या होड्या. तू हातानं तोंड झाकलंस. उतरल्यावर पहिली गोष्ट म्हणालीस ती ही, "मालवणच्या बंदरासारखं नाही गो. फारच शिस्तीत आहे." मग बूट काढून गोट्यांवरून चालत पाण्यात गेलीस. पाणी थंडगार होतं. तू किंचाळलीस आणि तिथंच उभी राहिलीस.

वर छपराखाली एक लहानशी खाणावळ होती. तळलेली मांदेली आली, कागदाच्या द्रोणात, वर लिंबाची फोड. मी माझा नेहमीचा पाढा सुरू करणार, खारट आहे, कुरकुरीत आहे, तर तू हात करून मला थांबवलंस. एक उचललीस. डोक्यासकट. मग दुसरी. "रवा नाही लावलेला," म्हणालीस. "आलं-लसूण नाही. पण ताजी आहे हो." वहिनी, तू सगळा द्रोण संपवलास. मी एकाही माशाला हात लावला नाही. बोटं चाटून तू विचारलंस, "अजून एक मागवू या?" आणि दुसऱ्या द्रोणातले अर्धे खाल्लेस.

परतीच्या बोटीत सगळं बाहेर आलं. तू कठड्याला धरून वाकलेली, मी तुझं कपाळ धरून उभी. मला, जिला वर्सोव्याच्या खाडीत बोट लागते, तिला त्या दिवशी काही झालं नाही. तोंड पुसून तू म्हणालीस, "मजा आली." मला तुझा इतका राग आला की मी तुझ्याकडे पाठ फिरवली.

मुंबईला आल्यावर तू मुक्ताला बोलावून घेतलंस. समोर बसवून सांगितलंस, कबूल केल्याप्रमाणे. ती आधी रडली नाही. माझ्याकडे वळली. "तुला कधी कळलं, आत्या?" मी सांगितलं. "आणि संध्याकाळच्या विमानात जागा होती?" होती, मी म्हटलं. "आणि तुम्ही बोटीसाठी थांबलात?"

तू म्हणालीस, "मुक्ता, मी थांबायला लावलं."

"तू आजारी होतीस! ही नव्हती ना आजारी!"

पुढे डॉक्टरांना मी एकटीनं गाठून विचारलं. ते चष्मा काढून म्हणाले, "त्या दोन-तीन दिवसांनी काही बदललं असतं का? मला वाटत नाही. पण छातीठोक सांगू शकत नाही." मी त्यांना म्हणणार होते, साहेब, हो किंवा नाही यात सांगा. कोर्टात रोज ऐकते ते वाक्य. पण त्यांचा चेहरा बघून उठून आले.

तू मात्र शब्द पाळलास. म्हणू ती सुई, म्हणू ती गोळी. एका शब्दानं उलटून बोलली नाहीस. तेच मला सहन होत नव्हतं, वहिनी. मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारी तू, पलंगावर मुकाट हात पुढे करायचीस. मुक्ता रजा टाकून आली. ती पेजेचा चमचा तुझ्या ओठांशी धरायची आणि तू प्रयत्न करायचीस. तुम्ही दोघी तेवढा वेळ एकमेकींकडे बघायच्या नाहीत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची. तुम्ही दोघी त्या दिवसांत एकमेकींना जे बोलायचं होतं ते बोलला नाहीत. मला ते दिसत होतं. मधे पडायची माझी हिंमत झाली नाही, कारण मुक्ता माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. आत्या, औषध. आत्या, रिक्षा. आत्या, गादी उलटव.

मग श्रावण लागता लागता तू गेलीस.

यंदा घरात गणपती नाही. समोरच्या बिल्डिंगीत मखराची ठोकाठोक सुरू झालीये. परवा रविवारी दुपारी मुक्ता आली, तुझं कपाट आवरायला. मी चहा ठेवला. ती साड्यांच्या घड्या काढून पलंगावर मांडत होती. मधेच, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं, "तिथं ती काही खायची का गं? तू म्हणायचीस ना, बेत सगळा खाण्याचाच होता."

मी सांगितलं. दोन मालत्या आणि बशी माझ्याकडे. एक घास पोळी आणि बशी माझ्याकडे. मग मठाजवळची मांदेली.

"पूर्ण द्रोण?"

"पूर्ण. आणि वर अर्धा."

तिच्या हातात तुझी निळी नारायणपेठ होती. ती तशीच धरून खाली बसली. "माझ्या हातून एक चमचा पेज जात नव्हती," म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यावर रागावलीये म्हणून खात नाही. की मी रागावले होते म्हणून." मग रडायला लागली. तू गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर. "तिनं फिरायला जायचं निवडलं, आत्या. मला सोडून. तिला काही वाटलंच नाही का? भीती, काहीच? मी फोनवर हसत होते आणि तीपण हसत होती."

आणि वहिनी, इथं माझी पंचाईत झाली. कारण परतीच्या बोटीत "मजा आली" म्हणून झाल्यावर, मी पाठ फिरवल्यावर, पुढेही काही झालं होतं. ते तू कोणालाही सांगू नकोस म्हणाली होतीस, मुक्ताला तर मुळीच नाही. "तिला जन्मभर पुरेल ते," म्हणाली होतीस. मी हो म्हटलं होतं. तुझ्या पश्चात तुझा एवढा एकच शब्द माझ्याकडे राखायला होता.

मुक्ता पलंगाच्या पायाशी बसली होती, नाक ओढत, लहानपणी बसायची तशी. तिला तू शूर वाटत होतीस आणि त्या शूरपणाचाच तिला राग आला होता. मी गॅस बंद केला. तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि सांगून टाकलं.

सांगितलं की बोट कामोलीच्या धक्क्याला लागत होती आणि तू मागून माझा दंड पकडलास. इतका घट्ट की पुढे कितीतरी दिवस त्याचा वळ राहिला. तुझे दात वाजत होते आणि थंडी नव्हती. आणि तू मालवणीत बोललीस, स्वतःशी बोलावं तसं. म्हणालीस, "माका भय वाटता गो. माझा चेडू हयसर होया होता." मला भीती वाटतेय. माझी मुलगी इथं हवी होती. धक्क्यावर माणसं उतरायला लागली तरी तू माझा हात सोडला नाहीस, तोंडानं तेच चालू होतं, माझा चेडू, माझा चेडू. मग बाकीच्यांबरोबर आपण उतरलो.

रागावायचं तर रागव. मी शब्द मोडला. तुला जे तिच्यापासून लपवायचं होतं, त्याच्याविना ती जगू शकत नव्हती असं मला त्या घडीला दिसलं. चूक असेल. आजारपणाच्या त्या दिवसांत तू स्वतः एकदा हे तिला म्हणाली असतीस, तर मला बोलावं लागलं नसतं, आणि हे मी तुला रागावूनच लिहितेय.

मुक्तानं मला मिठी मारली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. संध्याकाळ व्हायला आली तशी तिनं साडी बाजूला ठेवली, डोळे पुसले आणि म्हणाली, "पुन्हा सांग. ती जशी बोलली तसंच सांग."

वहिनी, मी मुंबईत वाढलेली. माझं मालवणी मोडकं, तू त्याच्यावर जन्मभर हसलीस. पण ते वाक्य मी तिला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. एका अक्षरातही चुकले नाही.